वकीलबाईंचा कायदा आणि पोलादकाकांची तलवार

पोलादकाकांना कुणी ‘धारवाला’ म्हटलेलं खपत नसे. धारवाला म्हणजे सायकलला चाक बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरतो तो. काका पातं घडवत. पोलादाची पट्टी भट्टीत लाल करायची, ऐरणीवर झोडपून काढायची, कडक व्हावी म्हणून बुडवून तिला पाणी द्यायचं आणि मग तिच्यातून विळा, सुरी, कात्री किंवा वर्षाकाठी एखाददुसरी तलवार काढायची, हे काम कुठे आणि सायकलवरचं चाक कुठे! हा फरक ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत. गिऱ्हाईक बिचारं स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आलेलं असे. सुरी परत मिळायची, पण व्याख्यान ऐकून झाल्यावर.

दुकान पुलाच्या कोपऱ्यावर होतं. दार इतकं ठेंगणं की जुनं गिऱ्हाईक वाकून आत यायचं आणि नवं कपाळ चोळत. आत डाव्या हाताला भट्टी, मधे ऐरण, भिंतीवर लहानापासून थोरापर्यंत ओळीनं टांगलेले हातोडे, आणि मागच्या खिडकीखाली दगडाचं एक भलंमोठं चाक. चाकाला लाकडी दांडा होता. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं पातं टेकवायचं. विजेवर चालणारी चाकं बाजारात येऊन जमाना लोटला होता, पण काका म्हणायचे, “विजेला कुठे कळतं, कुणासाठी फिरायचं आणि कुणासाठी नाही?”

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्या दुकानात एक रीत होती, काकांच्या आईनं घालून दिलेली. काकांच्या वडिलांचे हात संधिवातानं धरले तेव्हा आईनं कंबर कसून हातोडा उचलला, तो डोळे अधू होईपर्यंत खाली ठेवला नाही. “बाईमाणूस काय घण मारणार,” म्हणणारेच पुढे तिच्या हातच्या सुऱ्या घेऊन गेले. तर तिची रीत अशी, की सुरी-कात्रीला धार लावून मिळेल, पण तलवार इथून बोथटच जाईल. कुणाला तिला धार हवीच असेल तर त्यानं स्वतः येऊन बसायचं आणि चाकाचा दांडा स्वतः फिरवायचा, सकाळपासून धार पुरी होईपर्यंत. “ज्याला धार हवी त्यानं घाम गाळावा,” ती म्हणायची. “घामाबरोबर डोक्यातलं खूळही निघून जातं.” बहुतेकांचं जायचंच. दुपार होईस्तोवर हाताला फोड यायचे आणि “राहू द्या हो, नाहीतरी भिंतीवरच लावायचीय,” म्हणत माणूस बोथट तलवार काखेत मारून चालू लागायचा.

धार असलेली तलवार त्या घरात एकच होती. दुकानाच्या वर राहायच्या खोल्या होत्या, त्यांतल्या पुढच्या खोलीत ती भिंतीवर असायची. आईनं ती कुणा गिऱ्हाइकासाठी केली नव्हती. नजर कमी व्हायला लागली तेव्हा “आता एक माझ्यासाठी,” म्हणून तिनं ती घडवली आणि धार लावायच्या दिवशी दांडा फिरवायला पोटच्या पोराला बसवलं. काकांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. दिवसभर चाक फिरत राहिलं. संध्याकाळी आईनं पात्यावरून अंगठा आडवा फिरवून बघितला, मान हलवली आणि म्हणाली, “तुझा हात एकसारखा चालतो.” त्या बाईच्या तोंडून काकांना मिळालेली शाबासकी एवढीच. पुढे ती गेली. काकांनी ती तलवार पुन्हा कधी चाकाला लावली नाही. अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, बस्स. त्या धारेत आईचा हात आहे आणि आपलाही आहे, हे ते कुणाला सांगत नसत, पण घरी कुणी नवं आलं की त्याला बरोबर त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवत.

काकांना एकच मुलगी. ती हातोड्याकडे वळली नाही, वादाकडे वळली, आणि त्याला काकाच जबाबदार. भट्टी विझली की बापलेक कशावरूनही हुज्जत घालत. पूल आधी की गाव आधी, मांजर माणसाळतं की माणूस मांजराळतो, काहीही. घरातला नियम होता, हरेल त्यानं चहा करायचा. पोर लहान होती तोवर चहा तीच करायची, कारण काका लेकरू म्हणून सूट देत नसत. “खोटं जिंकवलं तर पुढे खरं हरेल,” ते म्हणायचे. काकू वैतागायच्या, “अहो, एवढीशी पोर ती. वकील करायचीय का तिला?” आणि झालीही ती वकीलच. पुढे नगरसभेवर निवडून आली तेव्हा तर काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून ते सांगायचे, “नगरसभेत बसते. आपली मुलगी.” ज्यांनी तिला मत दिलं होतं त्यांनाही सांगायचे.

त्या उन्हाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला मोटार लावण्यावरून दोन शेजाऱ्यांचं वाजलं. रोजचंच होतं ते. पण त्या दिवशी एकजण तणतणत घरात गेला आणि तलवार घेऊनच बाहेर आला. समोरचा शिंपी होता. त्यानं हात आडवा घातला म्हणून जीव वाचला, पण उजव्या मनगटावर असा घाव बसला की पुढे बोटं मिटेनात. त्याची कापड बेतायची मोठी कात्री नेमकी तेव्हा काकांकडे धारेला आलेली होती. काकांनी तिला धार लावली, कापडात गुंडाळली आणि खिडकीत ठेवली. शिंपी न्यायला आला नाही, आणि काकांचा हात काही ती तिथून उचलायला धजेना.

गावात ओरड झाली, नगरसभेत नियम करायचं ठरलं, आणि तो लिहायचं काम काकांच्या मुलीकडे, वकीलबाईंकडे आलं. काय ठरतंय ते तिनं आधी घरी येऊन सांगितलं. काकू भाजी चिरत होत्या, काका तिथेच बाकावर बसले होते.

“बाबा, नियम असा आहे. घरातली, शेतातली, धंद्यातली हत्यारं आहेत तशी राहतील. पण तलवार, खंजीर, जे निव्वळ शस्त्रच आहे, ते विकायचं तर परवाना असलेल्यालाच, आणि तेही मागितल्यावर काही दिवस थांबून. घरात ठेवायचं तर बोथट करून, नगरसभेत तपासून घ्यायचं. नाहीतर तिथल्या कुलपात जमा करायचं.”

“बरं आहे की,” काका म्हणाले. “आणि पुढच्या खोलीतली?”

“तीही.”

काकांना वाटलं, पोर गंमत करतेय. मग तिचा चेहरा बघून ते सरसावून बसले. “एक ओळ घाल. वाडवडिलांची वस्तू असेल तर सूट. एकच ओळ, जास्त नाही.”

“मग उद्या गावातली प्रत्येक तलवार कुणाच्या ना कुणाच्या आजीची होईल. काल बाजारातून आणलेलीसुद्धा.”

“आपली खरीच आजीची आहे.”

“माहीत आहे. तिच्याखाली बसून अभ्यास केलाय मी.”

“मग?”

“मग काही नाही बाबा. सूट नाही.”

काका ताडकन उठले. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच!”

“दांडा तुम्हीच तासलात,” काकू मान वर न करता म्हणाल्या.

काका सभेत विरोधात बोलणार, हे तिथेच ठरलं. मुलीनं अडवलं नाही. उलट म्हणाली, “बोला. तुम्हीच नाही बोललात तर कोण बोलणार? फक्त एक ऐका. त्या तापट गिऱ्हाइकाची गोष्ट आहे ना, चाक फिरवून थंड झालेल्या, ती तेवढी सभेत सांगू नका.”

“का बरं?”

“नका सांगू, एवढंच.”

काका मनात म्हणाले, अस्सं! घाबरली. आयुष्यभर वाद घातलेल्या माणसाला समोरचा एखाद्या मुद्द्याला घाबरतोय असं दिसलं की तो काय करतो? तोच मुद्दा घासूनपुसून चकचकीत करतो. काकांनी पुढचे सगळे दिवस ती गोष्ट ऐरणीला सांगून सांगून पाठ केली.

सभा दुपारची होती. नगरसभेच्या लांबट दालनात बाकं भरली, मग भिंती भरल्या. काकांच्या बाजूला येऊन बसला कोण, तर बाजारातला शोभेच्या वस्तूंचा दुकानदार. त्याच्या दुकानातल्या तयार तलवारींना काका ‘पत्र्याचे डबे’ म्हणत आणि त्याला दुरूनच नमस्कार करत. आज त्यानं काकांचा हात प्रेमानं दाबला. काकांनी तो पुसला. शिंपी अगदी मागच्या बाकावर होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून.

काकांची पाळी आली. ते म्हणाले, “तलवार भिंतीवरून आपण होऊन उतरत नाही. उतरवणारा हात असतो. त्या हाताला आवर घालायचा तर तो आतून घालावा लागतो. आमच्या आईनं कुठल्या नगरसभेला विचारून रीत घातली नव्हती.” आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. वसंतात एक माणूस आला होता, डोळे लाल, ओठ थरथरतायत. तलवार हवी, धारदार हवी, आजच्या आज हवी. काकांनी नाव विचारलं नाही, कशाला हवी विचारलं नाही. चाकाशी बसवलं. तासाभरात त्याचा सदरा भिजला, दुपारी त्यानं दांडा सोडला, हात झटकले आणि निघून गेला. “तलवार न घेता गेला!” काका टेबलावर बोट आपटत म्हणाले. “तिथे कायदा नव्हता. पोलीस नव्हता. फक्त एक चाक होतं.”

टाळ्यांनी दालन दणाणलं. शोभेचा दुकानदार तर उभा राहून वाजवत होता. काकांनी विजयी मुद्रेनं मुलीकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

मग ती उठली. “आत्ता बोलले त्यांना मी घरी बाबा म्हणते,” ती म्हणाली, “इथे सगळ्यांसारखं पोलादकाका म्हणते. पोलादकाकांनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. तो माणूस चाकावरून उठला आणि गेला. कुठे गेला, ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण खटला चालला तेव्हा मी कोर्टात बसले होते आणि त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो पुलावरून उतरला, थेट बाजारात गेला आणि धार लावलेली तयार तलवार विकत घेतली. तिथे त्याला कुणी बसवलं नाही, काही फिरवायला लावलं नाही. छान कागदात बांधून दिली. ती त्याच्या घरात उन्हाळ्यापर्यंत होती. मग मोटारीवरून भांडण झालं.”

शोभेचा दुकानदार खाली बसून स्वतःचे बूट न्याहाळू लागला. काकांनी वळून मागच्या बाकाकडे बघितलं. शिंपी त्यांच्याचकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि काकांना तेच सोसेना. त्यांनी मान खाली घातली.

“यात पोलादकाकांचा काडीचा दोष नाही,” मुलगी बोलतच होती. “गावात त्या माणसाला नाही म्हणणारं एकच दुकान होतं, आणि त्या दुकानाची मुलगी म्हणून मी ताठ मानेनं उभी आहे. पण एका दुकानाची रीत त्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच चालते. आजीनं जे एका दुकानात केलं ते मी सगळ्या दुकानांत करायला सांगतेय. आता कुणी विचारेल, तुमच्या घरी काय? तर आमच्या घरी एक तलवार आहे. धारदार आहे. माझ्या आजीच्या…” इथे तिचा आवाज चिरकला. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. “आमच्या घरी एक तलवार आहे. माझ्या आजीच्या हातची आहे. नियम झाला तर तो तिलाही लागू.”

काकांना राग यायला हवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं भर सभेत झालं होतं. आतून लाजही वाटत होती, त्या शिंप्यासमोर तर फारच. पण त्या सगळ्याच्या वर, त्यांना न जुमानता, भलतंच काहीतरी उसळून येत होतं. समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा आधी मान्य करायचा आणि मग तोच त्याच्यावर उलटवायचा, हा डाव तिला कुणी शिकवला होता? आवाज फुटला तर वाक्य टाकून पळायचं नाही, परत धरायचं, हे कुणी शिकवलं होतं? आणि बाप म्हणून तिनं रतीभरही सूट दिली नव्हती. काकांची छाती भरून आली. शेरास सव्वाशेर भेटला होता, आणि तो सव्वाशेर त्यांच्या घरचा होता.

“पोलादकाका, उत्तर देणार?” सभाध्यक्षांनी विचारलं.

काका उभे राहिले. “माझं मत अजून तेच आहे. तलवार बोथट करणं मला पटत नाही. पण उत्तर सुचत नाही. आणि असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, तेव्हा लिहून घ्या.”

लोक हसले. काका बसले आणि न राहवून शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, “बघितलंत? आपली मुलगी.”

“अहो, ती आपल्याच विरुद्ध बोलली!”

“तेच तर सांगतोय.”

नियम भरघोस मतांनी मंजूर झाला. काका घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

“मला आधी का नाही सांगितलंस?” काकांनी विचारलं.

“तुम्हाला झोप लागली नसती.”

“आता लागेल होय?” ते म्हणाले, पण तिच्या कपात साखर नेहमीसारखीच, तिला आवडते तशी, जरा जास्त घातली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी कामं बाजूला सारून डाव्या हाताची कात्री घडवायला घेतली. डाव्या हाताच्या कात्रीची पाती उलटी बसवावी लागतात, अंगठ्याची कडीही उलट्या बाजूनं वळवावी लागते. काकांनी ती कधी केली नव्हती. दोन बिघडल्या, तिसरी जमली. जुनी कात्री आणि ही नवी, दोन्ही घेऊन ते शिंप्याकडे गेले. शिंप्यानं नवी कात्री डाव्या हातात धरून एक चिंधी कापली. वेडीवाकडीच कापली गेली. “येईल,” तो म्हणाला. “तुम्ही बसा ना.” काका बसले.

राहिली तलवार. काकूंनी सुचवलं, “कुलपात ठेवा की. धार तरी शाबूत राहील.”

“आणि आईला परक्याच्या कपाटात कोंडू? तेल कोण लावणार तिला?” काका म्हणाले. “नाही. धार उतरवायची तर मीच उतरवणार.”

एका सकाळी त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. चाकाकडे ते गेले नाहीत. पातं मांडीवर घेतलं आणि हातातल्या दगडानं कडेवरून हळूहळू घासायला सुरुवात केली. धार लवकर उतरेल असं त्यांना वाटलं होतं. उतरेना. आईनं दिलेलं पाणी असं होतं की दगड झिजत होता आणि कड तशीच लकाकत होती. काका रडले, अगदी पोरासारखे रडले, आणि रडता रडता त्यांना हसूही आलं. “काय बाई होतीस गं,” ते मोठ्यानं म्हणाले. दुपार कलल्यावर कुठे कड गोल झाली. त्यांनी पातं तेलानं पुसलं आणि म्यानात घातलं.

तपासणीच्या पहिल्या दिवशी नगरसभेचं दार उघडायच्या आधी काका पायरीवर हजर होते. सदरा इस्त्रीचा, तलवार दोन्ही हातांवर आडवी. मागे रांग लागली होती. कुणी फडक्यात, कुणी पोत्यात गुंडाळून आणलेलं, आणि बरेचजण पोलादकाका काय करतात ते बघायला आलेले. मुलगी आतल्या दारापाशी उभी होती. तिनं बापाच्या हातातलं म्यान बघितलं आणि तिचे डोळे भरले. पुढे मात्र ती आली नाही. तपासणी तिचं काम नव्हतं.

टेबलाशी बसलेला कारकून काकांच्या ओळखीचा होता. तलवार बघून तो घाईघाईनं उठला आणि शिक्का हातात घेऊन म्हणाला, “अहो काका, तुमची काय तपासायची? तुमच्यावर विश्वास नाही तर कुणावर ठेवायचा? द्या, मारतो शिक्का.”

काकांनी तलवार म्यानातून काढली, टेबलावर ठेवली आणि शिक्क्यावर स्वतःचा हात ठेवला.

“तपासल्याशिवाय मारायचा नाही,” ते मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. “कायदा माझ्या मुलीनं केलाय.”